लॅच लागलं आणि तो बाहेर राहिला

आज दुपारी शेजारचा 10 वर्षांचा मुलगा पाऊण तास जिन्यात अनवाणी उभा होता. घरी एकटाच होता. कचऱ्याचा रिकामा डबा आत घ्यायला बाहेर आला, वाऱ्याने दार आपटलं, लॅच लागलं. फोन आत, किल्ली आत. नंतर जमलेली मोठी माणसं त्यालाच बोलत होती, "एवढा घोडा झालास, शेजारी बेल वाजवायचं कळलं नाही?"

कळत होतं हो! पण 'कुणाच्या दारात जायचं नाही' असं त्याला बजावून ठेवलं होतं आणि त्याने ते पाळलं. आईचा नंबर विचारला तर पाठ नाही. फोनवर 'आई' लिहिलंय तिथे दाबायचं, एवढंच शिकवलेलं.

मग चर्चा सुरू झाली वयाची. 8 की 10 की 12? इंग्लंडच्या कायद्यात असा आकडाच नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात आहे: 8 वर्षांच्या आतलं मूल घरात एकटं ठेवता येत नाही, सोबतीला निदान 13 वर्षांचं कुणीतरी लागतं. असू दे. आकड्याने लॅच उघडत नाही. ठरलेलं बिघडलं की पुढे काय करायचं, हे मुलाला येतं का, एवढंच बघायचं असतं. आणि ते तोंडी विचारून कळत नाही. "आग लागली तर काय करशील?" याचं उत्तर 6 वर्षांचं पोरही घडाघडा देतं.

करून घ्या. त्याला दाराबाहेर उभं करा, दार ओढून घ्या आणि म्हणा, आता काय? जादा किल्ली कुठल्या घरी आहे ते त्याला माहीत हवं, आणि त्या एका दारात जायला चालतं हेही स्पष्ट सांगितलेलं हवं. दोन नंबर पाठ हवेत, दुसऱ्याच्या फोनवरून लावून बघितलेले. पत्ता मजल्यासकट मोठ्याने सांगता यायला हवा. आतली किल्ली कुलपात अडकवून ठेवू नका, खुंटीला लावा. आत किल्ली असली की बऱ्याच कुलपांना बाहेरून दुसरी लागत नाही. आणि त्याला आतून कडी घालायला अजिबात सांगू नका. मूल झोपलं किंवा पडलं, तर किल्ली हातात असूनही तुम्ही बाहेरच. लॅच पुरतं.

निघताना गॅस शेगडीपाशी नाही, रेग्युलेटरला बंद करा. वास आला तर दिवा लावायचा नाही, चालू असलेला पंखा बंदही करायचा नाही. बटणाची ठिणगी पुरते. सरळ बाहेर पडायचं आणि फोन बाहेरून करायचा. भाजलं तर 20 मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली हात. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. खिडकीखालची खुर्ची उचलून ठेवा.

पहिल्या वेळी 10 मिनिटं, तुम्ही खालीच. मग अर्धा तास. उजेडी जमलं म्हणून अंधारात जमेल असं नाही, ते वेगळं करून बघा. आणि 10 वर्षांच्या मुलावर 4 वर्षांचं भावंड सोपवून जाऊ नका. कृपा करा. एकट्याने राहणं आणि दुसऱ्याला सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हो, दोघंही नोकरीला जातात त्या घरांना पर्याय नसतो, मान्य. त्या मुलाची आईही काही मजा करायला गेली नव्हती. पण म्हणूनच तर, 'हे करू नकोस, ते करू नकोस' या यादीनंतर 'मग काय कर' एवढं तरी सांगून निघायला हवं ना? ते त्याला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि बोलणी मात्र त्याने खाल्ली.

पाऊण तासात त्याने हातातला डबासुद्धा खाली ठेवला नव्हता. आई जिना चढून वर आली तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "मी कुणाकडे गेलो नाही गं."