बोर्डावर नसलेला स्लॉट

काल रात्री लॅपटॉपच्या तळाचे अकरा स्क्रू काढले, त्यांतले दोन रबरी पायांखाली दडवलेले होते, झाकण उचकटताना कडेचा एक प्लास्टिकचा खटका मोडला, आणि आत पाहतो तो रॅमचा दुसरा स्लॉटच नाही. बोर्डावर त्याच्या जागेची पांढरी चौकट छापलेली आहे, तिच्यात सोल्डरिंगसाठी सोडलेल्या चकचकीत ठिपक्यांच्या ओळी आहेत, शेजारी स्लॉटचे नावही आहे. फक्त स्लॉट बसवलेला नाही.

त्या स्लॉटसाठी आणलेले मॉड्यूल, म्हणजे रॅमची नवी पट्टी, मी डोळे झाकून घेतले नव्हते. डीएमआयडीकोड हा यंत्रातल्या भागांची माहिती दाखवणारा लिनक्सवरचा प्रोग्रॅम चालवून मेमरीचा सगळा तक्ता वाचला होता, आणि त्यात कमाल क्षमता 32 जीबी, स्लॉट दोन, त्यांपैकी दुसरा रिकामा, असे स्वच्छ लिहिले होते. डीएमआयडीकोडला मी दोष देणार नाही. तो हार्डवेअर तपासत नाही, बायोसने, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमने, भरून ठेवलेले वाचून दाखवतो, आणि ती माहिती पुष्कळदा चुकीची असते असे त्याच्या मॅन पेजवरच, म्हणजे माहितीपानावरच, बजावलेले आहे. संताप येतो तो बनवणाऱ्या कंपनीचा, कारण स्लॉट गाळताना तिचा हात अडला नाही, पण बायोसमधली त्याची नोंद काढण्याइतकीही तसदी तिने घेतली नाही.

असे हात पोळणे पहिल्यांदा घडलेले नाही. जुन्या लॅपटॉपला डीडीआर-3एल, म्हणजे डीडीआर-3 पिढीची कमी व्होल्टेजवर चालणारी रॅम, हवी होती आणि मी साधी डीडीआर-3 आणली. 204 पिना त्याच, खाच तिथेच, पट्टी खटकन बसली, पण तिला 1.5 व्होल्ट लागतात आणि बोर्ड 1.35च देत होता, त्यामुळे स्क्रीन काळीच राहिली. डेस्कटॉपच्या वेळी पुढच्या पिढीची, डीडीआर-4ची, पण सर्व्हरसाठीच्या वेगळ्या रचनेची, रजिस्टर्ड म्हणतात ती पट्टी पदरात पडली, तीही 288 पिनांची, तीही नीट बसणारी आणि तीही न चालणारी. जे चालणार नाही ते बसताच कामा नये! डीडीआर-5च्या डेस्कटॉप पट्टीलाही 288च पिना आहेत, पण खाच सरकवल्यामुळे ती डीडीआर-4च्या स्लॉटमध्ये शिरत नाही. म्हणजे मनात आणले तर हे जमते.

लिनक्सने मात्र कधी छळले नाही. 64 बिटचे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, असले की ड्रायव्हर लागत नाही, काही बदलावे लागत नाही, बायोसला दिसलेली मेमरी ते मुकाट वापरते.

शेवटी एकुलत्या स्लॉटमधली 8 जीबीची धडधाकट पट्टी काढून नवी 16 जीबीची बसवली, हव्या होत्या दोन्ही मिळून 24. आज सकाळी पुन्हा डीएमआयडीकोड चालवला. दुसरा स्लॉट अजूनही रिकामाच दाखवतो आहे.