कट्ट्यावरची चर्चा: पोराला घेऊन फिरायचं की पाच वर्षांचं होईपर्यंत थांबायचं

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर पोह्यांच्या दुसऱ्या प्लेटच्या वेळेला हा विषय निघाला तो उन्हं डोक्यावर येईपर्यंत चालला. घरी आल्यावर वाटलं लिहूनच ठेवावं, कारण कट्ट्यावरच्या निम्म्या घरांत सध्या दीड ते चार वर्षांचं कोणीतरी आहे आणि पावसाळा सुरू झालाय, म्हणजे दर शनिवारी संध्याकाळी घरोघरी "उद्या कुठेतरी जाऊ या ना" सुरू होणार.

सुरुवात शेखरनं केली. आदल्या रविवारी तो मांडूला (धारजवळचा जुना किल्ला) जाऊन आला होता, पोरगा पावणेतीन वर्षांचा. एका दिवसात जहाज महाल, हिंडोळा महाल, होशंगशाहची कबर, जामी मशीद आणि मग वर रेवा कुंड न् रूपमती मंडप, असा सगळा बेत. म्हणाला, "भिया, जहाज महालापर्यंत ठीक होता, तिथून जो रडायला लागला तो धार येईपर्यंत. आता पाच वर्षांचा होईस्तोवर मी याला कुठ्ठे नेणार नाही. आणि नेऊन तरी काय, आठवणार आहे का त्याला काही?"

शेखरची बायको, वैशाली वहिनी, पोहे बांधून घ्यायला आल्या होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "त्याला काय आवडलं ते मी सांगते. चिंच."

मांडूची चिंच म्हणजे आपली चिंच नव्हे, तिकडचे ते जाड बुंध्याचे गोरखचिंचेचे झाड असतात ना त्यांचं फळ, केवढं मोठं, वरून मखमलीसारखी लव. वाळलेलं फळ हलवलं की आत बिया वाजतात. वहिनी सांगत होत्या की रस्त्याकडेच्या मावशीनं ते त्याच्या हातात दिलं तर तो मातीत फतकल मारून बसला आणि वाजव, कानाला लाव, पुन्हा वाजव, मावशीला ऐकव, कुत्र्याला ऐकव. "अर्धा तास बसला असता तसाच. पण याचं सुरू, चला चला, अजून तीन जागा राहिल्यात. तिथून उचलला तेव्हाच रडायला लागला तो."

शेखर गप्प. मग म्हणाला, "अगं पण शंभर किलोमीटर जाऊन चिंच वाजवायची?"

आणि मला वाटतं सगळा वाद इथेच होता. कारण शंभर किलोमीटर आपण गेलेलो असतो, डिझेल आपलं, सुट्टी आपली. पोरगं फक्त त्या चिंचेपर्यंत गेलेलं असतं. त्याच्या हिशोबानं ट्रिप झाली होती, आणि मस्त झाली होती.

आमचा डॉक्टर (मुलांचाच डॉक्टर आहे, लोकमान्य नगरला राहतो) त्यानं सरळ विचारलं, दुपारी झोपला कधी? शेखर म्हणाला कुठला झोपतोय, रूपमती मंडपाच्या चढावर खांद्यावर टाकला होता थोडा वेळ. डॉक्टर म्हणाला, "मग रडेल नाही तर काय करेल. डब्ल्यूएचओनं 2019 मध्ये सगळं लिहून दिलंय, एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात 11 ते 14 तास झोप पाहिजे, तीन-चार वर्षांच्याला 10 ते 13, दुपारची धरून. आणि त्याच कागदात हेही लिहिलंय की एक ते चार वर्षांच्या पोरानं दिवसातून तीन तास तरी हातपाय हलवायला पाहिजेत. तू काय केलं, झोप पण काढून घेतली आणि खेळणं पण. चार तास गाडीत बांधून ठेवला आणि उरलेला वेळ कडेवर."

हे मला फार पटलं. आपण पोराला फिरवतो म्हणतो पण बहुतेक वेळ त्याला उचलून इकडून तिकडे ठेवत असतो, त्याचे पाय जमिनीला लागतच नाहीत.

तेवढ्यात मंद्या आला स्कूटरवर, पुढे त्याचा बिट्टू उभा, हँडलचे आरसे धरून. तीन वर्षांचा. आणि विषय तिकडे वळला. नाना एरवी कोणाला बोलत नाहीत, पण म्हणाले, "अरे याचं हेल्मेट कुठंय?" मंद्या म्हणाला नाना दोन गल्ल्या तर सोडून आलो. मग डॉक्टरनं त्याला नियम सांगितला, 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे पण आपल्याकडे अर्ध्या लोकांना माहीतच नाही, की नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला टू-व्हीलरवर न्यायचं तर त्याच्या मापाचं हेल्मेट पाहिजे, चालवणाऱ्याला बांधलेला हार्नेस, म्हणजे पट्टा, पाहिजे आणि स्पीड 40 च्या वर नको. कारमध्ये पण 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड आहे, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून. मंद्या वैतागला, म्हणाला पुढे उभं राहायला त्याला आवडतं, मागं बसवलं तर रडतो. डॉक्टर एवढंच म्हणाला की अचानक ब्रेक लागला तर सगळ्यात पहिले तो जाईल, हँडलवर तोंड आपटेल आणि मागून तू त्याच्यावर. मंद्या काही बोलला नाही पण नंतर घरी जाताना बिट्टूचा हात धरून चालत गेला, स्कूटर तिथेच ठेवून.

बिट्टू माझ्याच प्लेटमधून पोहे खात होता. आपल्या पोह्यात शेव, जीरावन मसाला, डाळिंबाचे दाणे आणि शेंगदाणे, आणि त्याला नेमके शेंगदाणे हवे. वैशाली वहिनींनी न बोलता प्लेट आपल्याकडे घेतली आणि एकेक दाणा वेचून बाजूला काढला. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष पाच वर्षांखाली द्यायचंच नाही, श्वासनलिकेत अडकतं. आणि चालत्या गाडीत तर काहीच चावायचं देऊ नका, मागच्या सीटवर घास अडकला तर पुढच्याला कळत पण नाही.

शेखर पुन्हा मूळ मुद्द्यावर आला. "हे सगळं मान्य, पण आठवणार नाही ते नाहीच ना आठवणार. मग कशाला?"

इथे मला राहवलं नाही. आमची चिऊ अडीच वर्षांची आहे. तिला गेल्या महिन्यातलं काय आठवतं मला माहीत नाही, पण वाळू म्हटलं की ती हाताची मूठ करून सोडते, कशी पडते ते दाखवते. हे तिला घरात बसून आलं असतं का? आठवण राहण्यासाठी तर आपण तिला जेवू पण घालत नाही. शेखरला मी म्हटलं, नेत जा, पण त्याच्या मापानं ने. एक जागा. सकाळी लवकर निघायचं, दुपारच्या झोपेच्या आत परत किंवा झोप गाडीत पूर्ण होईल असं, आणि पोचल्यावर दोन तास काहीही ठरवायचं नाही.

आणि मग मी महेश्वरचं सांगितलं, जे कट्ट्यावर आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत गेलो होतो, आम्ही दोघं, आई-बाबा, ताई आणि भावजी, म्हणजे चिऊच्या मागे सहा मोठी माणसं. जाम घाटाच्या वळणांत चिऊला उलटी झाली (दोन वर्षांनंतर हे सुरू होतं म्हणे, त्याआधी मुलांना गाडी फारशी लागत नाही, आम्ही निघतानाच पोट भरून दूध पाजलं होतं ती चूक), पण महेश्वरला नदीच्या घाटावर पोचल्यावर एकदम खूश. अहिल्याबाईंचा तो घाट केवढा रुंद, पायऱ्याच पायऱ्या, समोर नर्मदा, नावा लागलेल्या. चिऊनं खेळ काढला. वरच्या पायरीवरचा खडा उचलायचा, बसून एक पायरी उतरायची, खालच्या पायरीवर ठेवायचा, परत वर. प्रत्येक खडा ठेवला की टाळी आणि "पुना". आम्ही सगळे कौतुकानं बघत होतो. बाबा फोटो काढत होते, ताई साड्यांचं विचारायला वळली, मी नाववाल्याशी बोलायला लागलो, बायकोला वाटलं माझ्याकडे आहे, मला वाटलं आईकडे.

आवाज काहीच आला नाही. नाववाल्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली म्हणून मी वळलो. चिऊ पाण्यातल्या पहिल्या पायरीवर उभी, ती हिरवी शेवाळलेली पायरी, घोट्यापर्यंत पाणी, हातातला खडा पुढच्या पायरीवर ठेवायला वाकलेली. आणि एका फुलवाल्या मावशीनं तिच्या फ्रॉकची मागची नाडी मुठीत धरलेली. मावशीच्या दुसऱ्या हातात अर्धा ओवलेला झेंडूचा हार तसाच होता, सुई लटकत होती. मला म्हणाली, "भैया, इतने लोग हो, बच्ची किसके पास थी?"

बच्ची किसके पास थी. कोणाकडेच नव्हती. सहाजण बघत होते म्हणून कोणीच बघत नव्हतं. मावशींच्या पाया पडलो मी, आणि परत येताना गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही. चिऊ तेवढी मुठीतला खडा सोडायला तयार नव्हती, झोपेत पण.

कट्टा शांत झाला. डॉक्टर म्हणाला, बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हात पण हलवत नाही, आपल्याला वाटतं धपकन आवाज येईल तसं काही होत नाही. एवढ्या लहान पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड, तोल जाऊन तोंडावर पडलं की वीतभर पाण्यातही त्याला मान वर काढता येत नाही. घरातली बादली पण त्यातच आली.

नानांनी मग पाताळपाणीच्या धबधब्याची आठवण काढली. जुलै 2011. आपल्याच इंदूरची माणसं, धबधब्याच्या वर प्रवाहातल्या दगडावर उभी होती, वर कुठेतरी पाऊस झाला आणि बघता बघता लोंढा आला. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय ते. आणि 2005 च्या एप्रिलमधलं देवास जिल्ह्यातलं धाराजी, तिथे तर पाऊसही नव्हता, अमावास्येच्या स्नानाला लोक नर्मदेत उतरलेले आणि वरच्या धरणातून सोडलेलं पाणी आलं, साठाच्या वर माणसं गेली. नाना म्हणाले, "आपल्या डोक्यावर आभाळ मोकळं आहे म्हणून नदीवर भरवसा ठेवायचा नाही. घाटावर माहीतगार नाववाला असतो, त्याला आधी विचारायचं, पाणी कसं आहे आज."

शेखर म्हणाला, "बघ, मी तेच म्हणतो, मग नेऊच नका ना."

नाही, हे मला मान्य नाही, आणि मी तिथेही जोरातच बोललो. महेश्वरनंतर आम्ही बंद नाही केलं, पद्धत बदलली. आमच्या घरी एक पिवळा पंचा आहे, बाबांचा जुना. बाहेर गेलं की तो पंचा ज्याच्या खांद्यावर, चिऊ त्याची. त्यानं फोन दुसऱ्याच्या खिशात द्यायचा, फोटो काढायचे नाहीत, गप्पा मारल्या तरी डोळे तिच्यावर, आणि पाणी असेल तर हात पोचेल एवढ्या अंतरावर, बघता येईल एवढ्या नाही. अर्ध्या तासानं पंचा दुसऱ्याला द्यायचा, आणि देताना "तुझ्याकडे" म्हणायचं, घेणाऱ्यानं तोंडानं "घेतली" म्हणायचं. मान हलवली तर चालत नाही. आईला आधी हे पोरकट वाटलं होतं, आता तीच सगळ्यात कडक आहे, भावजी मान हलवून पंचा घ्यायला गेले तर तिनं दिलाच नाही.

आणि गंमत म्हणजे बाकीचे पाच जण खरंच फिरतात. बायको गेल्या वेळी अर्धा तास एकटी पाण्याकडे बघत बसली होती, दोन वर्षांत पहिल्यांदा.

मग नानांनी आपलं आवडतं काढलं, कालाकुंडची गाडी. नाना रेल्वेतून रिटायर झालेले. पाताळपाणी ते कालाकुंड ही मीटरगेजची हेरिटेज गाडी 2018 च्या डिसेंबरपासून चालवतायत, जेमतेम दहा किलोमीटर, चार बोगदे, डोंगर सगळा हिरवा. नाना म्हणाले लहान पोरासाठी याच्यापेक्षा बरं काही नाही, हळू चालते, खिडकी आहे, बोगदा आला की ओरडायला मिळतं, आणि उतरल्यावर पानावर कलाकंद. तुकोजीराव होळकर दुसऱ्यांनी खंडवा ते इंदूर लाइनसाठी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं होतं, 101 वर्षांच्या मुदतीनं साडेचार टक्क्यांनी, हे नाना दर पावसाळ्यात सांगतात आणि आम्ही दर पावसाळ्यात ऐकतो, कारण ती लाइन आपल्या राजानं पैसे घालून आणली हे पोरांना कळायलाच पाहिजे. फक्त माकडं फार आहेत तिकडे, वैशाली वहिनी म्हणाल्या, पोराच्या हातात उघडं बिस्कीट द्यायचं नाही, थालीपीठ गाडीतच खाऊन घ्यायचं.

तर तिकिटं मिळाली की जायचं ठरलं, चार घरं, चार पोरं. धबधबा लांबूनच बघायचा, पाण्याजवळ उतरायचं नाही. मंद्या म्हणाला बिट्टूला गाडीत खिडकी पाहिजे. डॉक्टरनं ओआरएसची पाकिटं आणायचं घेतलं, एका लिटरला एक.

"पण चार पोरांना एक पंचा कसा पुरेल," मी म्हटलं.

शेखर इतका वेळ पोह्याचा कागद दुमडत बसला होता. म्हणाला, "माझ्याकडे दोन आहेत, आणतो. पहिला अर्धा तास माझा."

वैशाली वहिनी म्हणाल्या, "तोंडानं म्हण."

"घेतला," शेखर म्हणाला.