चरणजित सिंग, शिकागो आणि रागांचा ‘सांगाडा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक चरणजित सिंग यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून हे स्वतंत्र लिहितोय. ज्यांच्या वाचनात ती प्रतिक्रिया आली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचा पहिला आक्षेप असा की परदेशी लोकांना सापडली म्हणून त्यांची डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवलेली तबकडी डोक्यावर घेतली गेली. शिकागोतल्या कुणी ती ऐकलेलीच नव्हती, तर अ‍ॅसिड हाऊसच्या, म्हणजे शिकागोत यंत्रांवर उभ्या राहिलेल्या त्या नाचाच्या संगीताच्या, इतिहासात या माणसाला जागा कशासाठी? दुसरा असा की चरणजित हे दुसऱ्यांच्या चाली वाजवणारे स्टुडिओतले वादक होते, त्यांना ‘निर्माता’ म्हणणं अती झालं. आणि तिसरा, जो तुम्ही सर्वांत कळकळीने मांडला आहे, तो असा की आलाप नाही, श्रुती नाही, डिस्कोच्या ठेक्याला जुंपलेला रागांचा नुसता सांगाडा आहे हा. तुम्ही अनेक वर्षं सतार शिकला आहात, त्यामुळे हा आक्षेप मी सहज बाजूला सारणार नाही.

शिकागोबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मूळ लेखातही मी चरणजितना कशाचेही जनक म्हटलेलं नाही. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एचएमव्हीची तबकडी १९८२ची. शिकागोत डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांच्या ‘फ्यूचर’ या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ बाजारात आली १९८७ मध्ये. त्याआधीच रॉन हार्डी हा डीजे ती टेपवरून म्युझिक बॉक्स क्लबमध्ये वाजवत असे. या दोन गोष्टींमध्ये धागादोरा काहीही नाही. आपल्याकडे ती तबकडी फारशी खपली नाही आणि विसरली गेली. २००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या एका दुकानात मिळाली आणि २०१०मध्ये त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. तेव्हा तर अनेकांना ती बनावट वाटली. अ‍ॅफेक्स ट्विन या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने खोडी काढली असणार, अशीही चर्चा झाली. एवढं ते साम्य कानाला धक्का देणारं होतं.

पण मला ‘आधी कोण’ या प्रश्नात रस नाही. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन टोकांच्या माणसांचं संगीत इतकं सारखं का वाजतं, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. आणि त्याचं उत्तर थेट चरणजितच्या आयुष्यात जातं.

त्यासाठी दोन्हीकडे वापरलेलं टीबी-३०३ हे बेस वाजवणारं यंत्र जरा जवळून बघायला हवं. जपानच्या रोलंड कंपनीने ते १९८१च्या शेवटी काढलं. चंदेरी प्लास्टिकची लहानशी पेटी, खाली एका सप्तकाएवढी बटणं, वर सहा बारीक गोल खुंट्या. ज्या गिटारवादकाला साथीला बेस वाजवणारा मिळत नाही त्याच्यासाठी ते होतं. त्यात बेसची ओळ बोटांनी सलग वाजवता येत नाही. आधी फक्त सूर एकामागून एक भरायचे, मग वेगळ्या फेरीत त्यांचा काळ भरायचा. सोळा घरांचा एक तुकडा तयार होतो. कुठल्या घरावर आघात हवा आणि कुठल्या सुरावरून पुढच्या सुरावर घसरत जायचं, हेही घराघरागणिक ठरवायचं. मग तो तुकडा न थकता फिरत राहतो. त्याचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा अजिबात नव्हता, त्यामुळे गिटारवाल्यांनी पाठ फिरवली आणि कंपनीने काही वर्षांतच उत्पादन थांबवलं. जुन्या वस्तूंच्या दुकानांत ते स्वस्तात पडून राहिलं. शिकागोच्या मुलांच्या हाती लागलं ते असंच वापरलेलं. त्यांनी यंत्र चालू ठेवून त्या खुंट्या पिळल्या, आवाज बोथट किंवा धारदार करणारा फिल्टर उघडझाप करत नेला आणि त्यातून जो चिरकणारा, गुरगुरणारा आवाज निघाला त्यावर एक अख्खी शैली उभी राहिली.

चरणजित या यंत्राकडे आले ते अगदी उलट्या दिशेने. ते स्वतः हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवत. रोलंडच्या डोळ्यांसमोर जो गिऱ्हाईक होता तो शब्दशः हाच माणूस. सिंगापूरला गेले असताना त्यांनी ही नवी रोलंड यंत्रं विकत घेतली: ३०३, तालासाठी टीआर-८०८ आणि वर वाजवायला ज्युपिटर-८ हा कीबोर्ड. ३०३ आणि ८०८ एका केबलने जोडली की दोघं एका लयीत चालतात. म्हणजे बेसवाला आणि ड्रमवाला दोघंही तयार, आणि हात कीबोर्डसाठी मोकळे. यात यंत्राचा गैरवापर नाही की बंडखोरी नाही. यंत्र ज्यासाठी बनलं त्याच कामाला त्यांनी ते लावलं. फक्त त्यावर हिंदी गाणं वाजवायच्या ऐवजी राग वाजवला.

आणि इथेच दोन्ही वाटा मिळतात. फिल्मी गाण्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गट, बदलत राहतात, बेसला त्यांच्या मागे धावावं लागतं. रागाला कॉर्डची गरजच नाही. षड्ज धरून ठेवला की झालं. सोळा घरांचा तोच तुकडा पाच मिनिटं फिरत राहिला तरी राग अडत नाही, उलट त्याला आधार मिळतो. शिकागोच्या मुलांनाही कॉर्ड नकोच होत्या, कारण नाचणाऱ्याला एकाच जागी खिळवून ठेवायचं होतं. कॉर्ड न बदलणारं संगीत आणि न थकणारं एकच यंत्र दोन्हीकडे आलं, म्हणून ते साम्य आलं. माझ्या मते हे ‘आमच्याकडे आधी झालं’ या अभिमानापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

आता ‘नुसते वादक’ या मुद्द्याकडे. तुम्ही ज्याला नुसतं म्हणता तीच त्यांची शाळा होती. शंकर-जयकिशन, सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांच्या वाद्यवृंदांत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. गिटार, स्टील गिटार, बेस, ट्रान्झिकॉर्ड (विजेवर चालणारा अ‍ॅकॉर्डियन), जे पुढ्यात येईल ते. मुंबईच्या त्या स्टुडिओंत गोव्याचे व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले, पारशी अ‍ॅकॉर्डियनवाले, बंगाली, पंजाबी, मराठी असे सगळे एका खोलीत बसत. सकाळी लावणीचा ठेका, दुपारी रॉक अँड रोल, संध्याकाळी दरबारी अंगाचं विरहगीत, आणि प्रत्येक वेळी संगीतकाराच्या मनातला नेमका आवाज काढून द्यायचा. नवं वाद्य आणणाऱ्याला तिथे मान असे. त्याच वाद्यवृंदांतले वादक केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर आणला तेव्हापासून तर जास्तच. तबकडीवर मात्र या कुणाचं नाव छापलं जात नसे. चित्रपटगीतांच्या धून वाजवलेल्या चरणजितच्या स्वतःच्या तबकड्या निघाल्या खऱ्या, पण त्यातही चाली दुसऱ्यांच्याच.

मग १९८० आलं. ‘कुर्बानी’ चित्रपटातलं संगीतकार बिद्दूचं गाणं घरोघरी वाजू लागलं आणि दोन वर्षांत प्रत्येक चित्रपट-निर्मात्याला डिस्को हवा झाला. चरणजित रोज तोच ठेका वाजवत होते. डिस्को घेऊनच काही वेगळं करावं, तबला काढून टाकून राग त्या ठेक्यावर वाजवून बघावेत, असं तेव्हा वाटलं, असं त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. घरी यंत्रं जोडून सराव केला, बरं वाटलं, म्हणून ध्वनिमुद्रण केलं. मला या सांगण्यातला साधेपणा फार आवडतो. शेकडो गाण्यांत दुसऱ्याच्या मनातला आवाज काढून देणारा माणूस एकदा स्वतःच्या मनातला आवाज काढायला बसला. काय वाजवायचं, कशावर वाजवायचं, काय गाळायचं, हे सगळं त्यानेच ठरवलं. निर्माता म्हणजे मला तरी याहून वेगळं काही ठाऊक नाही.

त्याच काळात सगळ्या वाद्यवृंदावर काय संकट येऊ घातलं होतं तेही विसरू नये. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत याच जातीच्या यंत्रांनी व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा घरी बसवल्या. चरणजितची तबकडी त्या बदलाच्या उंबरठ्यावरची आहे, आणि ती ज्याच्या पोटावर तो बदल येणार होता त्या वर्गातल्याच माणसाने केलेली आहे. म्हणूनही मला ती महत्त्वाची वाटते.

राहिला रागाचा प्रश्न. श्रुतींबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे. तोडीतला अतिकोमल ऋषभ ज्युपिटरच्या पट्टीवर नाही म्हणजे नाही. पण हाच आक्षेप आपण हार्मोनियमवर घेतला होता. आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी तीन दशकं पेटीला बंदी घातली. तरीही आपल्या आजोबांनी संगीत नाटकात ऑर्गनच्या साथीवरच पदं ऐकली आणि तिथेच त्यांना यमन, भीमपलास ओळखू यायला लागले. समान स्वरांतराच्या वाद्यावर राग अपुरा राहतो. पण तो ओळखू येतो, मनात घर करतो, हा आपल्याच घरातला अनुभव आहे. आणि पाच मिनिटांत राग कसा मावणार, असं तुम्ही विचारता. गौहर जान यांनी १९०२मध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीसाठी गायलं तेव्हा तीन मिनिटांच्या आसपासच वेळ होता. तिथून पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांपासून हिराबाई बडोदेकरांपर्यंत सर्वांनी राग तबकडीच्या मापाने बसवला. चरणजितची तबकडी त्याच कंपनीची. तीन मिनिटांत सगळा राग येत नाही हे त्या गायकांनाही माहीत होतं. काय निवडायचं यात त्यांचं कसब होतं.

चरणजितनी काय निवडलं? माझ्या कानाला दोन गोष्टी जाणवतात. एक, त्यांच्या हाताला स्टील गिटारची सवय होती. ज्युपिटरवर सूर ओढताना, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरताना ती सवय डोकावते. ती सतारीची मींड नाही, पण पियानोची ठकठकही नाही. दुसरी, लयीचा हट्ट. ठेका कधीच ढळत नाही, त्यामुळे सगळं लक्ष सुरांच्या फिरण्यावर जातं. यमन आणि मालकंस मला त्या मानाने सरधोपट वाटतात. बोटं सवयीच्या जागांवरून धावतात, आणि तिथे तुमचा ‘सांगाडा’ हा शब्द मी मान्य करीन. कलावतीबद्दल मात्र मी वाद घालीन. ऋषभ आणि मध्यम नसल्यामुळे त्या रागात मुळातच मोकळ्या जागा आहेत, आणि त्या जागांत ३०३चा बेस असा काही घुमतो की दोन्ही एकमेकांसाठीच केल्यासारखे वाटतात.

चरणजित २०१५च्या जुलैमध्ये मुंबईत गेले. शेवटच्या काही वर्षांत युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले. सत्तरी ओलांडलेला हा माणूस तीच रागमाला विशीतल्या पोरांसमोर वाजवत होता. परदेशी लोकांना सापडली म्हणून मोठी झाली, हे खरंच आहे. पण त्यात दोष तबकडीचा नाही. आपल्याकडे ती बघायला कुणी थांबलं नाही, कारण शास्त्रीयवाल्यांना ती फिल्मी वाटली आणि फिल्मीवाल्यांना त्यात गाणं सापडलं नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत की शास्त्रीय कानाने ऐकायचं तर कुठून सुरुवात करावी. फोनच्या स्पीकरवर नको, त्यात बेस पूर्ण मरतो. बरे हेडफोन लावा. आधी कलावती ऐका, मग मधुवंती, आणि मग ललित. ललितमध्ये पंचम नाही आणि मध्यम दोन, त्यामुळे खाली फिरणाऱ्या बेसशी वरच्या सुरांचं कसं जमतं हे तुमच्यासारख्या सतारियाला माझ्यापेक्षा नक्की जास्त कळेल. तिथे तुम्हाला काय ऐकू आलं ते जरूर लिहा. पटलं नाही तर तेही लिहा, मी वाट बघतो.