आईंच्या बधिर हनुवटीबद्दल

ताई, नमस्कार. चेहऱ्यात सुई घालताना आईंना मधेच जागं केलं, आता हनुवटी बधिर आहे, गोळ्याही सुरूच आहेत आणि यातलं काहीच आधी सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. आईंचे कागद मी इथे उघडणार नाही. उपचाराबद्दल मात्र बोलायलाच हवं.

हा उपचार ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा, म्हणजे चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेतून उठणाऱ्या तीव्र कळांचा. या नसेच्या तीन शाखा कवटीच्या तळाशी एका गाठीत मिळतात. ओठाच्या कोपऱ्यापासून साधारण अडीच-तीन सेंटिमीटरवरून सुई गालात शिरते आणि हाडातल्या लहानशा छिद्रातून गाठीपर्यंत जाते. सी-आर्मच्या, म्हणजे एक्स-रे यंत्राच्या, पडद्यावर हाड दिसतं, सुई दिसते, नस दिसत नाही. टोक कोणत्या शाखेवर आहे हे पेशंटच सांगू शकतो. म्हणून गुंगी उतरू देतो, हलका करंट सोडतो आणि विचारतो, मुंग्या कुठं येतात? दुखतं तिथंच आल्या तर पुढे जायचं. डोळ्याकडे आल्या तर सुई हलवायची, नाहीतर बुबुळाची संवेदना जाऊ शकते. आईंना जागं केलं ते यासाठी, आणि ते मी पुन्हाही करेन.

नंतर उष्णता देऊन नसेचे तंतू निकामी करतो. चूळ भरली तरी चमकणारी कळ त्यामुळे थांबते, आणि तिच्या जागी बधिरपणा येतो. काही वर्षांनी दुखणं परतूही शकतं.

हे तुम्हाला आधी समजायला हवं होतं, आणि तिथे आम्ही चुकलो. संमतीपत्रात सगळं होतं, पण ते प्रोसिजरच्या सकाळी, घाईत, मराठीत वाचलं. आपल्या सोलापुरात कितीतरी घरांत तेलुगू, कन्नड बोलतात. मला हे सुचायला हवं होतं. मनापासून माफी मागतो. आता आदल्या भेटीतच, घरच्या भाषेत सांगतो: दात काढताना गाल होतो तसा बधिरपणा, पण महिनोन्‌महिने राहू शकणारा.

गोळ्या एकदम बंद करू नका, त्या हळूहळूच उतरवाव्या लागतात. चहा कोमट द्या. कडक भाकरी आमटीत भिजवूनच द्या, कारण गाल चावला गेला तरी कळत नाही. रोज आरशात तोंड आतून बघायला सांगा. डोळा लाल झाला तर त्याच दिवशी आणा.

ही कळ दाताची समजून दाढा काढून झाल्यावर आमच्याकडे पोचणारे पेशंट बघून जीव तुटतो, त्यामुळे तुमचा राग मला कळतो. एमआरआय घेऊन कधीही या. मी स्वतः भेटेन, फी नाही.