मारुती 800 भंगारात जाण्याआधी

देवराष्ट्रेची जीप बऱ्याच जणांना आठवत असेल. सांगली जिल्ह्यातल्या या गावात फॅब्रिकेशनचं छोटं काम करणाऱ्या एका कारागिरानं भंगारातले भाग जुळवून मुलाच्या हौसेसाठी चारचाकी बांधली. मोटरसायकलसारखी किक मारून ती सुरू व्हायची. 2021 च्या अखेरीस तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी मनापासून कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवणार, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. बदल्यात त्यांनी त्या कुटुंबाला नवी बोलेरो दिली आणि ती जीप कंपनीकडे गेली.

आमच्या कोल्हापूरच्या मित्रमंडळींत तेव्हा दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं, गुणाची कदर झाली. दुसऱ्याचं म्हणणं, असल्या जुगाडाला डोक्यावर घेऊ नका, उद्या कुणाच्या तरी जिवावर बेतेल. हा वाद अजून अधूनमधून निघतो. मला मात्र पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न पडलाय. त्या माणसानं दुसरी गाडी बांधायची म्हटली, तर ती त्यानं चालवायची कुठे?

मी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या दक्षिण टोकाला राहते. इथून लाँगब्रिज जवळ. ऑस्टिन कंपनीचा अवाढव्य कारखाना तिथे होता. 2005 मध्ये एमजी रोव्हर बुडाली, तेव्हा तो बंद पडला. आता त्या जागेवर घरं, दुकानं, कॉलेज आहे. आमच्या घराच्या गॅरेजमध्ये त्याच कारखान्यात जन्मलेली एक चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, उभी आहे, 1929 च्या ऑस्टिन सेव्हनची. तिच्यावर आम्ही घरची माणसं मिळून रेसची गाडी बांधतोय. इकडे अशा गाडीला स्पेशल म्हणतात.

ऑस्टिन सेव्हन ही मुळात घरातच जन्मलेली गाडी. कंपनीच्या संचालकांना छोट्या गाडीत रस नव्हता, म्हणून हर्बर्ट ऑस्टिन यांनी लिकी ग्रेंज या आपल्या घरी, बिलियर्डच्या खोलीत, स्टॅन्ली एज नावाच्या 18 वर्षांच्या ड्राफ्ट्समनला बसवून तिची ड्रॉइंग्ज करून घेतली. 1922 ते 1939 या काळात तिच्या जवळजवळ 2 लाख 90 हजार गाड्या निघाल्या. इंजिन जेमतेम 747 सीसीचं. मोटरसायकलला साइडकार जोडून बायकापोरांना नेणाऱ्या माणसाला छप्पर मिळावं, हा त्या गाडीमागचा हिशेब. इंग्लंडमधल्या कितीतरी घरांची ती पहिली चारचाकी ठरली.

पुढे या गाड्या जुन्या झाल्या, मातीमोल भावात मिळू लागल्या आणि पोरांच्या हाती लागल्या. कॉलिन चॅपमन यांनी 1948 मध्ये अशाच एका ऑस्टिनवर लोटस या पुढे नावाजलेल्या कंपनीची पहिली गाडी बांधली. जागा कुठली, तर हेझल या त्यांच्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागचं गॅरेज. हेझल स्वतः मदतीला होती, पुढे दोघांचं लग्न झालं. तिकडे न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लेस मॅकलॅरन यांनी खोक्यांत सुटी भरलेली ऑस्टिन सेव्हन अल्स्टर विकत घेतली आणि मुलासोबत ती जोडली. त्या मुलाचं नाव ब्रूस. त्याची पहिली रेसगाडी हीच. आज फॉर्म्युला वनमधली मॅकलॅरन म्हणजे त्याच पोराचं आडनाव. ही नावं मोठी झाली म्हणून सांगितली, पण मला महत्त्वाचे वाटतात ते मागे राहिलेले हजारो जण. त्यांनीही आपापल्या गॅरेजमध्ये गाड्या बांधल्या, रविवारी पळवल्या आणि सोमवारी कामावर गेले.

या लोकांसाठी इथे पायऱ्या बांधलेल्या होत्या. 1939 मध्ये 750 मोटर क्लब स्थापन झाला. युद्धानंतर त्यांनी ऑस्टिन सेव्हनचं इंजिन आणि चासी धरून एक स्वस्त फॉर्म्युला (शर्यतीच्या गाड्यांची नियमावली) ठरवला, म्हणजे खिशात पैसे नसलेला पण हातात कसब असलेला माणूस शर्यतीत उतरू शकेल. व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब त्याहून जुना, 1934 चा. त्यांच्या लेखी 1930 अखेरपर्यंतची गाडी ती व्हिंटेज. घरी बांधलेली स्पेशलही त्यांना चालते, फक्त तिचे भाग त्या काळाशी इमान राखणारे आहेत याची कागदोपत्री छाननी होते.

आमच्या घरात कामाची वाटणी आपोआप झाली. नवऱ्याला लाकडाची आवड, त्यामुळे बॉडीचा अ‍ॅश लाकडाचा सांगाडा त्याच्याकडे. मुलगी गॅस्केट कापते, वायरिंग करते आणि प्रत्येक भागाचा फोटो काढून वहीत नोंद ठेवते. माझ्या आईनं इथल्या मुक्कामात सीटचं रेक्झिन शिवलं, तेही दुहेरी टिपेनं. इंजिन मात्र बाबांनी हातात घेतलं.

बाबा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर, होते. तिथल्या कारखानदारीचा पाया घालणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं नाव निघालं की हात जोडणारी त्यांची पिढी. मी त्यांची मुलगी, मेकॅनिकल इंजिनिअर, पण शॉपमध्ये लेथवर जॉब लावायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तिथे मुलींनी थांबायची पद्धतच नव्हती, आणि पदवीच्या परीक्षेतही ते कुणी विचारलं नाही.

या इंजिनात पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या तोंडात व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो. ते तोंड क्रँकच्या पिनवर बरोबर बसवावं लागतं, आणि ते काम हातानंच करायचं. बाबांनी पिनवर निळ्या रंगाचा हलका हात फिरवला, रॉड बसवला, मागेपुढे फिरवला आणि परत काढला. व्हाइट मेटलवर जिथे उंचवटा, तिथे निळा डाग उमटला. तेवढाच भाग त्यांनी स्क्रेपरनं हलकेच खरवडला, पुसला, पुन्हा रॉड चढवला. मग स्क्रेपर माझ्याकडे दिला. "निळं कमी लाव गं. जास्त लावलंस की सगळीकडंच लागतंय असं दिसतंय." संध्याकाळपर्यंत मोजके मोठे डाग जाऊन बारीक ठिपके सगळीकडे सारखे पसरले, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. इंचाच्या हजाराव्या भागातला तो हिशेब त्यांच्या बोटांत होता. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे नटबोल्ट बघून मी गोंधळले होते. बाबांना ते रोजचे. कोल्हापूरच्या जुन्या ऑइल इंजिनांवर त्यांची सगळी नोकरी याच पान्यांनी झालेली.

शेजारचे आजोबा लाँगब्रिजला असेंब्लीवर होते. ते रोज डोकावायचे. एकदा मला म्हणाले, असं खरवडणारा माणूस या भागात शोधून सापडायचा नाही. त्यांची दोन्ही मुलं पाना हातात धरत नाहीत, हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. ते खरं आहे. व्हाइट मेटल ओतून देणारी दुकानं इंग्लंडमध्ये आता मोजकीच, आणि तिथली माणसं वयानं थकलेली. इथे घरी गाडी बांधायला मोकळीक आहे, पण ती बांधणारे हात कमी होत चाललेत. कोल्हापुरात ते हात अजून आहेत. उद्यमनगरात सकाळी ओतकामाचा पॅटर्न नेऊन द्या, कास्टिंग मिळेल. लेथवाला शेजारी, ग्राइंडिंगवाला त्याच्या पलीकडे. नाही ती फक्त वाट, त्या हातांनी केलेली वस्तू रीतसर कुठे नेऊन चालवण्याची.

इथली वाट कशी असते, ते आम्ही शेल्सली वॉल्शला बघितलं. वूस्टरशरमधल्या एका टेकडीवरचा हा हजार यार्डांचा चढ. 1905 पासून तिथे गाड्या वेळ लावून चढवतात. शर्यतीआधी स्क्रुटिनिअर, म्हणजे तपासनीस, प्रत्येक गाडीपाशी येतो. चाकाला वर-खाली धरून हलवतो. कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लावून सोडायला सांगतो आणि स्प्रिंग थ्रॉटल (इंजिनाला हवा सोडणारी झडप) पुरता मिटवते का ते बघतो. स्टिअरिंगचे सांधे, ब्रेकचे दांडे, हेल्मेटवरचा शिक्का, आगरोधक कपडे. एका नीटस गाडीला त्यानं थांबवलं. थ्रॉटल किंचित अडकत होता. मालकानं तक्रार न करता बॉनेट उघडलं, आणि शेजारच्या दोन गाड्यांचे लोक स्प्रिंग शोधायला धावले. गाडी कुणाच्या गॅरेजात बांधली, कारखान्याचा शिक्का आहे की नाही, हे कुणी विचारलं नाही. गाडी सुरक्षित आहे का, एवढाच प्रश्न.

आपल्याकडे जुन्या गाडीचा विचार दोन खात्यांत वाटला गेलाय. 2021 च्या व्हिंटेज नियमांत 50 वर्षांहून जुन्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, 20 हजार रुपये भरून 10 वर्षांची मुदत. अट अशी, की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. प्रदर्शन आणि रॅलीपुरती ती बाहेर काढायची. संस्थानिकांच्या जपलेल्या गाड्यांसाठी हे ठीकच आहे. दुसरं खातं भंगाराचं. 15 वर्षांनी कारच्या फेरनोंदणीची फी 2022 मध्ये 600 वरून 5 हजार झाली, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर आहेच. बांधलेल्या, बदललेल्या गाडीला मात्र कुठलंच खातं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे अधोरेखित केलं.

कलम 52 रद्द करा असं मी म्हणणार नाही. 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं गेली. अशा रस्त्यांवर घरी वेल्डिंग केलेल्या गाड्या सोडा, हे कोणत्या तोंडानं म्हणू? इंग्लंडमध्येही रस्त्यावर सगळं मोकाट नाही. 40 वर्षांहून जुन्या गाडीला रस्ताकर माफ असतो, पण 2025 पर्यंत मूळ रचना फार बदलली तर जुना नंबर जायचा आणि नव्यानं तपासणीला सामोरं जावं लागायचं; आताही असा बदल कळवावाच लागतो. आमची गाडी ट्रेलरवरूनच जाणार. रस्त्यावर आणायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. देवराष्ट्रेची जीप रस्त्यावर नको म्हणणाऱ्या मित्रांचं म्हणणं मला पटतं. फक्त त्यांनी "रस्त्यावर नको" म्हणून विषय संपवू नये, एवढीच विनंती आहे.

"तुम्हाला तिकडे बसून हौस परवडते," असंही मला ऐकवलं गेलंय. त्यात तथ्य आहे. गॅरेज असलेलं घर, रिकामा शनिवार-रविवार, दारात येणारे सुटे भाग, हे सगळं इथल्या सुबत्तेतून आलंय. पण 750 फॉर्म्युला रुजला तो युद्धानंतरच्या तंगीत. पेट्रोलवर रेशन, लोखंडाची टंचाई. स्वस्तात भागावं म्हणूनच तर टाकाऊ ऑस्टिन निवडली.

आणि आपल्याकडे आपली ऑस्टिन आहे की. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली, 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इंजिन 796 सीसीचं, वजनाला हलकी, दुरुस्ती कोणत्याही तालुक्याच्या गावी. स्कूटरवर चौघं बसून जाणाऱ्या घरांना तिनं छप्पर दिलं. तमिळनाडूत कोइमतूरला एस. करिवर्धन यांनी याच इंजिनावर एकआसनी रेसगाड्या बांधल्या, फॉर्म्युला मारुती म्हणून त्या धावल्या. फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, त्याच गाड्यांतून पुढे आला. म्हणजे हे आपल्याकडे होऊन गेलंय. आज कॉलेजची मुलं बाहा एसएई इंडिया या स्पर्धेसाठी दरवर्षी गाड्या बांधून मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला नेतात, त्यांत महाराष्ट्रातली मुलं कितीतरी. पण ते दार विद्यार्थ्यांपुरतं. पदवी झाली की बंद. माझ्या बाबांसारख्या टर्नरसाठी तर ते कधी उघडलंच नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मारुती 800 चं इंजिन आणि गिअरबॉक्स सक्तीचा, खर्चाला कमाल मर्यादा, गाडी उलटली तर डोकं वाचवणारा रोल बार आणि अंगाला बांधायचे पट्टे बंधनकारक, रस्त्यावर आणायला बंदी. वर्षातून दोन-तीनदा एखादी बंद धावपट्टी किंवा कार्टिंगचा ट्रॅक, एकेक गाडी घड्याळ लावून सोडायची, शेजारी शेजारी पळवायच्या नाहीत. नियमावलीला राष्ट्रीय मोटरस्पोर्ट्स महासंघाची मान्यता घ्यावी, आणि भंगार केंद्रांकडून चालू स्थितीतली इंजिनं अशा गटांना रीतसर कागद करून मिळावीत. संघात किमान दोन पिढ्यांची माणसं हवीत, ही अट मी हौसेनं घालेन. तपासनीस म्हणून अधिकाऱ्यांच्या जोडीला उद्यमनगरातले निवृत्त फिटर आणि टर्नर बसवावेत, मानधन देऊन. यातलं खर्चिक असं काहीच नाही. घाई मात्र आहे, कारण त्या 800 रोज भंगारात कापल्या जाताहेत आणि बाबांच्या बरोबरीचे लोक सत्तरी ओलांडून गेलेत.

बाबांना मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली, ती मी वर घातली आहे: मानधन देऊन.