अमेरिकेतल्या घरांचं उत्पन्न ३ हजार डॉलरने वाढलं? थांबा जरा

'अमेरिकेत मीडियन घरगुती उत्पन्न एका वर्षात ८०,६१० वरून ८३,७३० डॉलर झालं' असं फिरतंय (मीडियन म्हणजे मधला आकडा, निम्म्या घरांचं उत्पन्न याहून कमी, निम्म्यांचं जास्त). दोन्ही आकडे सेन्सस ब्युरोचेच, म्हणजे अमेरिकी सरकारच्या जनगणना खात्याचेच आहेत, खोटे नाहीत, पण ८०,६१० हा २०२३ चा आकडा २०२३ च्याच डॉलरमधला आहे आणि ८३,७३० हा २०२४ चा, २०२४ च्या डॉलरमधला, म्हणजे मधली महागाई कोणी धरलीच नाही. ती धरली की २०२३ चा आकडा होतो ८२,६९० आणि फरक उरतो १,०४० डॉलरचा.

आता हे १,०४० तरी पक्के का? तर तेही नाही. हा सर्व्हे आहे, जनगणना नव्हे, घरं निवडून विचारतात, दुसरी घरं निवडली असती तर मीडियन थोडा इकडेतिकडे सरकला असता. म्हणून ब्युरो असा फरक ९० टक्के कॉन्फिडन्सवर तपासतं, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ निवडीच्या योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता १० टक्क्यांहून कमी असेल तरच तो धरतं, आणि त्यांनीच स्पष्ट लिहिलंय की हा फरक सांख्यिकीदृष्ट्या वेगळा म्हणता येत नाही (हे वाक्य मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही!). याचा अर्थ उत्पन्न वाढलंच नाही असाही नाही हं, वाढलं की नाही ते या सॅम्पलवरून ठामपणे सांगता येत नाही, इतकंच. २०२२ ते २०२३ ची ४ टक्के वाढ मात्र या टेस्टमध्ये टिकली होती.