उंची बघून सॅक घेऊ नका, पाठ मोजून घ्या

सध्या ठाणे, कळवा, ऐरोली, पनवेल, जिकडे तिकडे ट्रेकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "मोठी सॅक कशी निवडावी" म्हणून. तुमच्याकडेही आला असेल. नसेल आला तर थोडक्यात सांगतो. उंची पाच फूट चारपर्यंत असेल तर ४५ लिटर, पाच आठपर्यंत ६० आणि त्याच्या वर ७५ लिटर. कमरेचा पट्टा फक्त सॅक हलू नये म्हणून असतो. खांद्याचे पट्टे जेवढे घट्ट तेवढं चांगलं. जड सामान तळाला. पॅडिंग जाड म्हणजे आराम जास्त. लेडीज सॅक म्हणजे नुसता रंगाचा फरक. आणि शेवटी, दुकानात घालून बघा, बरी वाटली की घ्या, सुरुवातीला खांदे दुखतात पण दोन ट्रेकमध्ये सवय होते.

खाली अर्थातच "जास्तीत जास्त ट्रेकर्सपर्यंत पोचवा", आणि लोक पोचवतायत. पहिल्या पगारातून चार-पाच हजार बाजूला काढून पोरंपोरी ह्या तक्त्यावरून सॅक घेतायत, रतनगडाला किंवा हरिश्चंद्रगडाला एक मुक्काम करून येतात आणि म्हणतात ट्रेकिंग आपल्याला झेपत नाही, आपली पाठच कमजोर. पाठ ठणठणीत असते हो, सॅक चुकीच्या मापाची असते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

सुरुवात त्या उंचीच्या तक्त्यापासून, कारण सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच आहे. लिटर म्हणजे सॅकमध्ये सामान किती मावतं ते, त्याचा तुमच्या उंचीशी संबंधच नाही. सॅकचं माप म्हणजे टॉर्सो, म्हणजे मानेपासून कमरेच्या हाडापर्यंत पाठीची लांबी. ब्लाउज शिवायला टाकल्यावर शिंपी तुमची उंची विचारतो का? तो पाठ मोजतो, तसंच आहे हे. उंच माणसाचे पाय लांब असतील आणि पाठ आखूड असेल, बुटक्या माणसाचं उलट. आमच्या ग्रुपमध्ये एक जोडपं आहे, तो पाच दहा, ती पाच पाच, टेप लावली तर दोघांचा टॉर्सो जवळपास सारखाच निघाला. तक्त्याप्रमाणे गेले असते तर त्याला ७५ लिटरची आणि तिला ६० ची, आणि दोघं जातात एकाच ट्रेकला, एकाच रात्रीसाठी.

मोजायचं कसं ते सांगतो, घरातल्या कुणालातरी बरोबर घ्या, एकट्यानं होत नाही. मान खाली घाला. मानेच्या तळाशी एक हाड टोकासारखं वर येतं, बोटाला लगेच लागतं, तो मानेचा सातवा मणका, तिथून सुरुवात. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे, आणि चाचपत खाली या, जिथे कमरेच्या हाडाची वरची कड लागते तिथे हात टेकवा. जीन्सचा पट्टा जिथे बांधता ती जागा नव्हे, आजकाल जीन्स खूप खाली बसतात, हाड त्याच्या वर असतं. दोन्ही अंगठ्यांमध्ये पाठीवर एक आडवी रेघ आहे असं समजा. त्या मणक्यापासून ह्या रेघेपर्यंत शिवणकामाची टेप पाठीच्या वळणावरून सोडायची, ताणून सरळ धरायची नाही. येईल तो आकडा तुमचं माप. मोठ्या माणसांचं साधारण ३८ ते ५३ सेंटीमीटरच्या मध्ये येतं. सॅकच्या टॅगवर किंवा कंपनीच्या साईटवर टॉर्सोची रेंज दिलेली असते, एस-एम-एल प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे एकीकडे मिडियम बसली म्हणून दुसरीकडे मिडियमच मागू नका. काही सॅकमध्ये पाठीमागे वेल्क्रो किंवा सरकपट्टी असते, खांद्याचा भाग वरखाली करता येतो. पहिली सॅक घेणाऱ्याला किंवा दोघातिघांत मिळून एक वापरणाऱ्यांना मी तीच घ्या म्हणेन. आणि ज्या सॅकवर कुठेच पाठीचं माप नाही, सरकवायची सोय पण नाही, ती एकाच मापाच्या पाठीसाठी शिवलेली आहे, ती तुमची निघाली तर नशीब.

मग लिटर कसे ठरवायचे? सामानावरून. सह्याद्रीत एक रात्र, टेंट ग्रुपमध्ये वाटून घेतला तर ४० ते ५० लिटर आरामात पुरतात. हिमालयात जिथे टेंट-रेशन खेचरावर जातं तिथे ५० ते ६० मध्ये भागतं. ७५ लिटर लागते ती स्वतःचं सगळं स्वतः उचलून बरेच दिवस चालणाऱ्याला. मोठ्या सॅकची भानगड अशी की ती भरतेच, रिकामी जागा दिसली की आपण अजून एक जॅकेट, अजून एक टोप कोंबतो. वर ती घेऊन शुक्रवारी रात्री ठाण्याहून कसारा लोकलमध्ये चढून बघा. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ठेवावी असं साधारण मानतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ किलो, आणि त्यात पाणीच तीन-चार किलो असतं हे धरून.

आता कमरेचा पट्टा. फक्त सॅक हलू नये म्हणून असतो हे वाचून माझं डोकंच फिरलं. अहो, मोठ्या सॅकमधला तोच खरा काम करणारा पट्टा आहे! १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी ह्या माणसानं अॅल्युमिनियम फ्रेमच्या सॅक बनवून विकायला सुरुवात केली. फ्रेमची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशात खोचली की खांदे एकदम मोकळे होतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं, वजन कमरेवर न्यायचा विचार तिथून पुढे गेला. म्हणजे ही सत्तर वर्षं जुनी गोष्ट आहे. कमरेचं हाड आणि पाय हे वजन पेलण्यासाठीच आहेत, खांदे नाहीत. भरलेल्या सॅकचं बहुतेक वजन कमरेवर जायला हवं, खांद्यावरचे पट्टे सॅकला पाठीशी धरून ठेवतात इतकंच.

पण त्यासाठी पट्टा हाडावर बसायला हवा. पट्ट्याच्या पॅडचा मध्य त्या हाडाच्या कडेवर, थोडा भाग वर थोडा खाली. पॅड पोटाच्या हाडविरहित भागावर चढला तर श्वास अडतो आणि जेवण झाल्यावर चढताना तर हाल. खाली कुल्ल्यांवर घसरला तर प्रत्येक पावलाला मांडीला अडतो आणि वजन परत खांद्यावर. बक्कल लावून घट्ट केल्यावर पुढे दोन्ही पॅडच्या मध्ये थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे, दोन्ही पॅड एकमेकांना टेकले म्हणजे पट्टा तुम्हाला मोठा, अजून आवळताच येणार नाही. आणि एक गोष्ट, पट्टा नुसता पातळ पट्टीचा असेल, किंवा सॅकच्या पाठीत काही ताठ शीट किंवा दांड्या नसतील, तर कितीही आवळा वजन कमरेवर पोचत नाही, सॅक मधेच दुमडते. दुकानात सॅकच्या पाठीचा वरचा आणि खालचा भाग धरून एकमेकांकडे दाबून बघा, चुरगाळली तर मुक्कामाच्या ट्रेकसाठी सोडून द्या.

फक्त ओढा ओलांडताना हा पट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही सोडून ठेवायचे. पाय सरकलाच तर सॅक अंगावेगळी करता आली पाहिजे. पावसाळ्यात हे न विसरता करा.

खांद्याचे पट्टे घट्ट आवळा म्हणणाऱ्याला मला विचारायचंय की हाताला मुंग्या आल्यावर काय करायचं? खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसा पट्ट्याखाली दबतात, बोटं बधिर होतात, हात उचलायला जड जातो. डॉक्टर लोक ह्याला रकसॅक पाल्सी म्हणतात, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये १९६९ मध्येच ह्यावर लेख आलेला आहे. बहुतेकांचं बरं होतं पण वेळ लागतो. रॉकपॅचवर, म्हणजे कातळाच्या उभ्या टप्प्यावर, हातानं खोबण धरायची असताना बोटं बधिर झाली तर काय होईल ते सांगायला नको.

आवळण्याचा एक क्रम आहे तो पाठ करा. सगळे पट्टे सैल करून सॅक चढवा. आधी कमरेचा पट्टा, हाडावर, व्यवस्थित घट्ट. मग खांद्याचे, सॅक पाठीला लागेल इतपतच, पट्टा खांद्याला सगळीकडे टेकलेला हवा, मागे पोकळी नको. मग खांद्याच्या वरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे छोटे पट्टे, लोड लिफ्टर, बरेच जण त्यांना हातच लावत नाहीत. ते बाजूनं बघितलं तर साधारण ४५ अंशात तिरके दिसावेत, हलके ओढले की सॅकचं डोकं पाठीकडे येतं, मागे खेचल्यासारखं होत नाही. शेवटी छातीचा, गळ्याच्या हाडाच्या दोनेक बोटं खाली, श्वास मोकळा राहील असा. चालता चालता खांद्यावरचा ताण मधूनमधून थोडा कमी-जास्त करत राहा, एकच जागा दिवसभर दाबू नका.

जड सामान तळाला हा पण उलटाच सल्ला. तळाला स्लीपिंग बॅग, कपडे. शिधा, स्टोव्ह, पाणी हे पाठीला चिकटून, मध्यावर. तळाला जड ठेवलं की सॅक खाली ओढते, बाहेरच्या खिशात ठेवलं की मागे ओढते आणि माणूस कमरेत वाकून चालतो. जिथे कातळ चढायचाय, अलंग-मदन किल्ल्यांसारखं काही, तिथे जड सामान थोडं खाली घेतलेलं चालतं, तोल बरा राहतो, पण तेव्हाही पाठीलाच लागून. आणि झोपायची मॅट सॅकला आडवी बांधून कारवीच्या झुडपांतून जाऊ नका, दर दहा पावलांवर अडकते.

पॅडिंगबद्दल फार बोलत नाही. दुकानात मऊ लागणारा फोम दहा किलोखाली चपटा होतो, अंगठ्यानं दाबून बघा, लगेच तळ लागला तर तो फोम कामाचा नाही. माप बरोबर असेल तर मध्यम पॅडिंग भरपूर झालं.

लेडीज सॅकचं मात्र बोललंच पाहिजे, कारण ह्यात बायकांची फसवणूक होते. चांगल्या कंपनीच्या बायकांच्या सॅकमध्ये पाठ आखूड असते, खांद्याचे पट्टे जवळजवळ आणि छातीच्या बाजूनं वळवलेले असतात, कमरेचा पट्टा रुंद कमरेच्या हिशोबानं तिरका शिवलेला असतो. आमच्या ग्रुपमधली एक ताई दोन पावसाळे नवऱ्याची सॅक वापरत होती, पट्टे काखेत घासून चट्टे उठायचे, आणि सगळे तिला सांगायचे की टॉवेल लाव. बायकांच्या मापाची घातली आणि टॉवेल गेला. अर्थात काही कंपन्या खरंच फक्त रंग बदलतात, त्यामुळे लेबल न बघता पट्ट्यांचा आकार बघा. आखूड पाठीच्या पुरुषानंही ती बिनधास्त घालून बघावी, आणि रुंद खांद्याच्या बाईनं पुरुषांची.

आता दुकानातली ट्रायल. रिकामी सॅक सगळ्यांना बरी वाटते, रिकामी आहे ना! मध्यंतरी घोडबंदर रोडच्या एका दुकानात एक कॉलेजचा मुलगा ७० लिटरची रिकामी सॅक घालून आरशासमोर उभा होता, सेल्समन म्हणत होता मस्त बसलीय. मी त्याला म्हटलं थांब बाळा, आणि शेल्फवरच्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या विचारून घेतल्या, एक लिटर म्हणजे एक किलो, दहा टाकल्या. पट्टा सरळ घसरून कुल्ल्यावर आला. तो वर घेऊन हाडावर बांधला तर खांद्याच्या मागे माझा अख्खा पंजा जाईल एवढी पोकळी, म्हणजे सॅकची पाठ त्याच्या पाठीपेक्षा लांब. त्याच मॉडेलची आखूड पाठीची साईझ आणली, त्याच दहा बाटल्या, आणि तो पोरगा स्वतःच म्हणाला, काका ह्यात वजन कमी टाकलंय का. तुम्ही पण हेच करा, काही दुकानात वजनासाठी वाळूच्या पिशव्या असतात त्या मागा, नसतील तर बाटल्या घरून न्या. पंधरा-वीस मिनिटं घालून फिरा, जिना चढा-उतरा, खाली वाका, मान वर करून छताकडे बघा, डोकं सॅकला आपटत नाही ना. लाज वाटायचं कारण नाही, पैसे तुमचे आहेत.

आणि ती सवय. ताज्या पायपिटीनं मांड्या-पोटऱ्या दुखतात त्याची सवय होते, कबूल. पण पट्टा काखेत घासतोय, कमरेच्या हाडावर एकाच बाजूला लाल झालंय, हाताला मुंग्या येतायत, ह्याची सवय होत नसते, करूही नये. आधी पट्टे वरच्या क्रमानं सैल करून परत बांधा, सामान परत लावा, तरी तेच तर सॅक तुमच्या मापाची नाही.

ज्यांनी तो तक्ता बघून सॅक घेतलीय पण अजून वापरली नाही, त्यांनी टॅग काढू नका आणि बिलावर बदलून मिळण्याची मुदत बघा. आज रात्री घरातच तांदूळ-डाळीचे डबे, बाटल्या, जे असेल ते घालून दहा किलो करा आणि अर्धा तास घालून फिरा, बिल्डिंगचा जिना चढा. येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर नेऊन चिखल लावलात तर दुकानवाला परत घेणार नाही. आणि ज्यांची मुदत गेलीय त्यांनी आधी पाठीमागे वेल्क्रो उघडतो का ते बघा, बऱ्याच सॅकमध्ये तो असतो आणि घेणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं.